धुऱ्यावरचा मुलगा

मेट्रोने कस्तुरचंद पार्क मागे टाकलं आणि समोरच्या सीटवरची मुलगी एकदम पुढे वाकून म्हणाली, "काकू, राग नका मानू, तुम्ही कामठीच्या भागीरथा आजीच्या कोणी लागता का?" कामिनीच्या मांडीवर त्या दिवशीच्या बैठकीचे कागद होते आणि ती एका शब्दावर अडली होती. अडली की ती डावा डोळा किंचित मिटून खालचा ओठ दातांत धरते. शाळेत शिकवत होती तोवर नववीची पोरं पाठीमागे तिची हीच नक्कल करायची. तिला ते ठाऊक होतं आणि खरं सांगायचं तर त्याचा थोडा तोराच होता. बाकी सगळं बापाकडून आलेलं, पण ही सवय आपली स्वतःची, असं तिला वाटायचं. मुलगी त्या ओठाकडेच पाहत होती. आजी तांदूळ निवडताना अगदी असंच करते, डोळा मिटून, असं ती म्हणाली. कामिनी म्हणाली, "नाही, मी नरखेडकडची." हे काही उत्तर नव्हतं, कारण भागीरथाही नरखेडकडचीच होती. मुलगी ओशाळून मागे टेकली आणि मोबाइलमध्ये डोकं घालून बसली. कामिनी गड्डीगोदामला उतरली, सरकत्या जिन्यावर उभी राहिली, आणि तिथे तिच्या लक्षात आलं की ओठ अजून दातांतच आहे. तिने तो सोडला. मग दिवसभर आपल्या तोंडाचं नेमकं काय करावं ते तिला समजेना.

आई गेली तेव्हा ती चौथीत होती. गेली म्हणजे वारली नाही. कामठीहून बाजाराला लुगडी विकायला येणाऱ्या धोंडबा नावाच्या विणकराबरोबर गेली. अशा बाईसाठी गावाकडे शब्द तयार असतो आणि शाळेच्या वाटेवर कामिनीने तो पोटभर ऐकला. बापाने मात्र, रामाजीने, तो शब्द कधी तोंडातून काढला नाही. तो एवढंच म्हणायचा, "तिनं मांगं वळून नाही पाह्यलं." कामिनी स्कॉलरशिपला बसली तेव्हा म्हणाला, मॅट्रिक झाली तेव्हा म्हणाला, नागपूरला होस्टेलवर सोडून एसटीत बसताना खिडकीतून म्हणाला. देवाला नारळ वाढवावा तसं प्रत्येक चांगल्या प्रसंगी हे वाक्य वाढवलं जाई. बगीच्यात दिवसभर संत्र्यांच्या झाडांना ओलित करून हा माणूस सकाळी तिच्या वेण्या घालायचा, एक कानाच्या वर, एक कानाच्या खाली, आणि शाळेत पोरी हसल्या तर ती त्यांच्या अंगावर धावून जायची. एकदा तिला विंचू चावला. रामाजीने तिला खांद्यावर टाकलं, धोतर वर खोचलं आणि बगीच्यातून, नाल्यातून, दुसऱ्यांच्या तुरीतून थेट फाट्यापर्यंत धावत गेला. त्याच्या छातीचा भाता तिला अजून पोटाखाली जाणवतो. पुन्हा लग्न कर म्हणून भाऊबंदांनी जीव खाल्ला, पण त्याने ऐकलं नाही. अशा बापाचं एक वाक्य खरं मानायला पुरावा कोण मागतो? तिने मानलं. लग्न ठरलं तेव्हा सुशीलच्या घरच्यांना त्यानेच सांगितलं की पोरीची आई वारली, आणि कामिनीने मान खाली घालून त्यावर शिक्का मारला. सुशील आजही तेच धरून आहे. हॉलमध्ये रामाजीचा हार घातलेला फोटो आहे आणि शेजारची जागा रिकामी आहे. आईचा फोटो कधी काढलाच नव्हता, असं ती आल्यागेल्याला सांगते.

गड्डीगोदामला चर्चच्या आवारात एका बैठ्या खोलीत लूकचं शुभवर्तमान नागपूरकडच्या बोलीत उतरवण्याचं काम चाललं होतं. कामिनी ख्रिस्ती नाही. तिला बोलावलं ते ती निवृत्त मराठी शिक्षिका, त्यात नरखेडकडची, म्हणून. पहिल्या आठवड्यात सुशीलने जेवायला बसताना हात जोडून डोळे मिटले आणि आता आधी प्रार्थना म्हणायची ना, असं विचारून तिची भरपूर थट्टा करून घेतली. पुढे त्यालाच त्या गोष्टी आवडायला लागल्या आणि आज काय झालं, असं तो रोज विचारू लागला. मूळ ग्रीक कळणारे एकटे रेव्हरंड बोरकर. डब्यात सांभारवडी आणणारे, हळू बोलणारे, एका शब्दासाठी आख्खी सकाळ घालवून वर प्रसन्न दिसणारे गृहस्थ. टायपिंगला रितिका. आणि गेला आठवडाभर तिघं एका क्रियापदावर अडून होते. गोष्ट साधी: एका माणसाला दोन मुलं. धाकटा आपला हिस्सा मागून घेतो, परमुलखात जाऊन उधळतो, उपाशी मरायची पाळी येते तेव्हा घरची वाट धरतो. तो दूर असतानाच बाप त्याला पाहतो, आणि मग ते क्रियापद, आणि मग बाप धावत सुटतो. बोरकरांनी ते उच्चारलं तेव्हा तोंडात गरम भजं आल्यासारखं वाटलं: स्प्लांख्निझोमाइ. स्प्लांख्ना म्हणजे आतले अवयव, ते म्हणाले; बळी दिलेल्या जनावराचं काळीज, कलेजी, फुप्फुस, पुढे आतडीसुद्धा. बापाच्या तिथे काहीतरी झालं. काय झालं? 'दया आली' हे रितिकाचं. त्यावर कामिनी म्हणाली की दया देवाला येते नाहीतर साहेबाला, बापाला कशाला येईल. 'कीव' तिने उच्चारल्याबरोबर स्वतःच खोडली. 'माया आली' तर बापाला ती आधीपासून होतीच, आज नवीन कुठून आली? 'पोटात कालवलं' सगळ्यांना आवडलं. ते घेऊन रितिका बुटीबोरीला गिरणीतल्या पोरांना गोष्ट ऐकवून आली, कारण ते ह्या कामातलं व्रतच होतं: ज्याने गोष्ट कधी ऐकली नाही त्याला ती दोनदा वाचून दाखवायची आणि मग त्याला ती आपल्या शब्दांत परत सांगायला लावायची. तो सांगत असताना मध्ये पडायचं नाही, चुकला तरी दुरुस्त करायचं नाही, चेहऱ्यावर काही दाखवायचं नाही. फक्त "मग?" म्हणायचं. गिरणीतल्या पोरांनी गोष्ट परत सांगितली ती अशी, की बापाचं पोट बिघडलं आणि तो धावत सुटला. बोरकर डोळ्यांतून पाणी येईपर्यंत हसले आणि शब्द गेला.

कामिनीही हसली होती. पण मेट्रोतल्या त्या सकाळपासून ते क्रियापद तिच्या मागे लागल्यासारखं झालं. जेवताना घास अर्ध्यावर थांबे. सुशीलने ॲसिडिटीची गोळी दिली, ती तिने मुकाट्याने घेतली. आजपर्यंत हा बाप म्हटला की तिला रामाजीच दिसायचा, धोतर वर खोचून तुरीतून धावणारा, आणि म्हणून त्या ओळीवर तिचा हक्क आहे असं तिला मनातून वाटायचं. आता तो धावायला लागला की मधेच तांदूळ निवडणारी कुणी म्हातारी येऊन बसू लागली, एक डोळा मिटलेली. ती जिवंत आहे! इतकी वर्षं कामिनीने तिला मारलंही नव्हतं आणि जगवलंही नव्हतं. धान्याच्या कोठीमागे पडलेल्या वस्तूसारखी ती कुठेतरी होती, कोठी हलवायची कुणाला गरज पडली नव्हती. आणि एवढ्या जवळ? नागपूर ते कामठी म्हणजे काय सातासमुद्रापलीकडे आहे? कामिनी बहिणीसारख्या मैत्रिणीच्या लेकीच्या लग्नाला कामठीला गेली होती, त्या गल्ल्यांतून फिरली होती, साड्या घेतल्या होत्या. कुणी सांगावं, समोरून गेली असेल. ती दुसऱ्या डब्यात बसू लागली, त्या मुलीला टाळायला. मग आपण एका पोरीला भिऊन डबा बदलतो आहोत याची तिला चीड आली. आरशात तोंड धुताना ती ओठ दातांत धरून पाही आणि लगेच सोडी. माणूस कुणाला सोडून गेला तर जाताना आपला ओठ तरी बरोबर घेऊन जायचा, असं तिच्या मनात येई.

मंगळवारी बोरकरांनी वेगळीच यादी पुढे केली. ज्या ज्या ठिकाणी हे क्रियापद आलं आहे ती सगळी ठिकाणं त्यांनी वाचून दाखवली. एकुलत्या एका मुलाचं प्रेत चाललेलं असताना मागून येणारी विधवा आई. वाटेवर मार खाऊन पडलेला माणूस आणि तिकडून जाणारा परका. धनगर नसलेल्या मेंढरांसारखी दमलेली गर्दी. आणि हा बाप. "एक गोष्ट पहा बाई," ते म्हणाले, "बहुतेक ठिकाणी आधी 'पाहिलं' आहे. तिला पाहिलं आणि हे झालं. त्याला पाहिलं आणि हे झालं. न पाहता फारसं कुणाला झालेलं दिसत नाही." कामिनीने विचारलं, आणि पाहूनही नाही झालं तर? बोरकरांनी मागची पानं उलटली. वाटेवरच्या जखमी माणसाला आधी दोघांनी पाहिलंच होतं, ते म्हणाले, देवळातले चांगले लोक होते. पाहिलं आणि रस्त्याच्या पलीकडच्या कडेने निघून गेले. पाहिल्यावर होईलच असं नाही, पण न पाहता होत नाही. मग त्यांनी कागद आवरले आणि म्हणाले की आता पोरांना पुरे झालं, एखादी म्हातारी बाई हवी, तुमच्याच भागातली, लिहितावाचता न येणारी, जिने ही गोष्ट जन्मात ऐकली नाही. आहे का कुणी तुमच्या गावाकडे? "कामठीत एक आहे," कामिनी म्हणाली. हे वाक्य आपल्या तोंडून गेलं यावर तिचा स्वतःचाच विश्वास बसेना. रितिकाने पत्ता विचारला, तेव्हा तिने तो काढून ठेवते म्हणून सांगितलं.

दुसऱ्या दिवशी ती आपणहून जुन्या डब्यात चढली. मुलगी होतीच. नाव खुशी. तिने काही जुनं काढलं नाही. कामिनीने भाषेचं काम आहे, म्हाताऱ्या माणसांचं बोलणं ऐकायचं आहे असं सांगितलं, तेव्हा तिने एकदा तिच्या तोंडाकडे नीट पाहिलं आणि हो म्हणाली. आजी शेजारच्या खोलीत एकटी असते, धोंडबा जाऊनही बरीच वर्षं झाली, मूलबाळ नाही, डोळ्यांत मोतीबिंदू उतरलाय. जेवणाचा डबा खुशीच्या घरून जातो. पण खुशीच्या वडिलांना बुटीबोरीला कारखान्यात काम लागलं आहे आणि पुढच्या महिन्यात सगळं घर तिकडे हलणार आहे. मग आजीचं काय, असं कामिनीने विचारलं नाही. खुशीनेच सांगितलं की आई रोज हाच विषय काढते आणि रोज तो तिथेच सोडून देते. रविवारी दुपारी कामिनी ऑटोमोटिव्ह चौकात उतरून कामठीच्या शेअर ऑटोत बसली. सुशीलला तिने कामाला जाते एवढंच सांगितलं होतं. तो म्हणाला, रविवारी तर तुझ्या पाद्रींचा देवसुद्धा सुट्टीवर असतो. वाटभर ती एकच गोष्ट घोकत होती: आपण वाचायला चाललो आहोत, दोनदा वाचायचं, ऐकायचं आणि परत यायचं. फक्त "मग?" म्हणायचं. बाकी काही बोलायची मनाई आहे, आणि ही मनाई ज्याने केली त्याचे तिने मनातून आभार मानले.

गल्लीत दोन्ही बाजूंना यंत्रमाग खटखटत होते. खोली लहान, शेणाने नाही पण तितक्याच आस्थेने पुसलेली. म्हातारी खाटेवर बसली होती. कामिनी दारात थांबली. आता पोटात काहीतरी होईल, निदान राग तरी येईल, म्हणून ती वाट पाहत राहिली, पण काहीच झालं नाही. एक किडकिडीत, पांढऱ्या केसांची परकी बाई उजेडाकडे तोंड करून बसली होती, एवढंच. खुशीने, आजी, नागपूरहून मॅडम आल्या, म्हणून सांगितलं आणि ती चहा ठेवायला घरी गेली. "या बाई," म्हातारी म्हणाली आणि खाटेवर हाताने जागा पुसून दिली. कामिनीने भाषेच्या कामाचं सांगितलं, कागद काढले. तिचा शाळेतला आवाज उपयोगी पडला; त्या आवाजात तिने कशाकशाला तोंड दिलं होतं. तिने वाचलं. शब्दाच्या जागी रितिकाने तीन पर्याय छापले होते आणि वाचणाऱ्याने त्यातला एक निवडायचा होता. कामिनीने एकही निवडला नाही. "बापानं त्याले दुरूनच पाह्यलं," तिने वाचलं, थांबली, आणि तशीच पुढच्या ओळीवर गेली, "अन् तो धावत गेला." दुसऱ्यांदाही तसंच. एवढ्या वर्षांच्या नोकरीत तिने वाचताना शब्द गाळला नव्हता. म्हातारी डावा डोळा मिटून, ओठ दातांत धरून ऐकत होती. आता सांगा, कामिनी म्हणाली.

"एक बाप होता," म्हातारीने सुरुवात केली. "त्याचा बगीचा होता." गोष्टीत बगीचा नव्हता. कामिनीने चेहरा हलू दिला नाही.

"मग?"

"लेकरू गेलं निंगून. चूकच केली. तिथं भुकी नाही मेलं, खोटं काहून सांगू, जेवाले होतं. पन घास फिरे तोंडात."

"मग?"

"मग आलं वापस. भर उन्हाचं. धुऱ्यावर येऊन उभं राह्यलं. संत्र्याचा बहार होता, वास येऊन राह्यला होता. बापानं दुरूनच पाह्यलं."

म्हातारी थांबली. माग खटखटत होते. धुरा म्हणजे शेताचा बांध, शहरातल्या वाचकांसाठी तळटीप द्यावी लागेल, असं कामिनीच्या डोक्यातला शिक्षक म्हणाला आणि लगेच गप्प झाला. आपल्या बगीच्याच्या पूर्वेच्या धुऱ्यावर एक बाभूळ होती. तिथून घर दिसायचं.

"मग?"

"मग त्यानं पान्याचा पाट फिरवला दुसऱ्या वाफ्यात, अन् पाठ केली. लेकरू उभंच. लय वेळ उभं होतं. बापानं मांगं वळून नाही पाह्यलं."

हे वाक्य. त्याच चालीत, त्याच शब्दांवर जोर देऊन, पण दुसऱ्याच बाजूने आलेलं. आयुष्यभर ज्या भिंतीला टेकून बसलो तिच्यापलीकडूनही कुणीतरी तसंच टेकून बसलं होतं, हे कामिनीला कळलं आणि ती खाटेच्या काठाला धरून राहिली. आता थांबवता आलं असतं. कागद दाखवून म्हणता आलं असतं की आजी, असं नाही, इथे लिहिलंय बघा, तो धावत गेला. पण मनाई होती. आणि मनाई नसती तरी तिने ऐकलंच असतं.

"मग?"

"घरामांगं तारेवर फ्राक वाळून राह्यला होता. पिवळा. बाही उसवलेली. कोनी टाका नव्हता घातला. लेकरानं थो फ्राक पाह्यला, अन् गेलं वापस."

तो फ्रॉक होता. त्या उसवलेल्या बाहीत बोट घालून घालून तिने ती आणखी मोठी केली होती, कारण रामाजीला टाके येत नव्हते आणि शेजारणीकडे जायची तिला लाज वाटे. कामिनीच्या तोंडून पुन्हा तोच शब्द निघाला, निव्वळ सवयीने, पुढे काही आहे म्हणून नव्हे. "मग?"

"मग काही नाही," म्हातारी म्हणाली. "मग हे आज तू आली."

चहा आला, तो दोघींनी प्यायला. खुशी कप घेऊन गेली. कामिनीला पाहिजे होतं ते रडणं आलंच नाही. आला तो संताप, आणि तो कुणावर ते ठरेना. रामाजी खोटं बोलला. रामाजी, ज्याच्या खांद्यावर तिने विंचवाचं विष उतरेपर्यंत श्वास मोजले, ज्याच्या चितेला तिने भावकीचं न ऐकता स्वतः अग्नी दिला. तो धावला होता हे खरं आणि तो जागचा हलला नव्हता हेही खरं, तेच पाय, तोच बगीचा. आणि ही? उन्हात उभी राहिली म्हणून काय झालं, एकदाच का आली? दुसऱ्या दिवशी का नाही, दुसऱ्या वर्षी का नाही? माझं लग्न झालं तेव्हा नागपूर दूर होतं का? तिने हे सगळं विचारलं नाही. ती म्हणाली, "बाबांनी मला वाढवलं. एकट्यानं." आवाज शाळेतला राहिला नव्हता. म्हातारीने मान हलवली. "हो. चांगलं वाढवलं," ती म्हणाली. "त्याची चूक नाही. मी गेली होती ना." मग तिने पदराचं टोक मांडीवर सारखं केलं आणि म्हणाली की तुझा ऑटो जाईल, उन्हं कलली की सवारी मिळत नाही.

ती ऑटोपर्यंत पोचवायला आली. येऊ नका म्हटलं तरी आली, भिंतीला हात लावत, गल्ली पाठ असल्यासारखी. वाटेत कामिनीने विचारलं, मला कधी ओळखलंत? दारातच, म्हातारी म्हणाली. डोळ्यांनी दिसते कुठे, पण दारात थांबून राहिलीस ना, तसं उभं राहणारं माणूस मला ठाऊक आहे. तिने काही मागितलं नाही. घर कुठे आहे, नवरा काय करतो, नातवंडं किती, यातलं काहीच विचारलं नाही, आणि कामिनीला याचाही राग आला, कारण विचारलं असतं तर निदान नाही तरी म्हणता आलं असतं. नाक्यावर ऑटो भरत आला होता. कामिनी मागच्या सीटवर दोन बायांच्या मधे अंग चोरून बसली. कागदांची पिशवी मांडीवर. निघते, ती म्हणाली. "जाय," म्हातारी म्हणाली. ऑटो हलला.

उद्या बोरकरांना काय सांगायचं ते ती जुळवू लागली. ऐकणारीने गोष्ट बदलून सांगितली. नियमाप्रमाणे मग भाषांतर कच्चं ठरतं, पुन्हा वाचावं लागतं. की गोष्टच कच्ची आहे म्हणावं? सगळे बाप धावत नाहीत असं लिहावं का तळटिपेत? सुशीलला काय सांगायचं? मेलेली सासू कामठीत चहा पिते, हे त्याला कोणत्या तोंडाने सांगायचं? तो आधी हसेल, मग रामाजीच्या फोटोकडे पाहील, मग गप्प बसेल, आणि त्याचं गप्प बसणं तिला सहन होत नाही. पुढच्या महिन्यात खुशीचं घर हलेल. सरकारी दवाखान्यात मोतीबिंदू काढून देतात. आपण महिन्यातून एकदा येऊ, डब्याची सोय लावून देऊ, शेजारी कुणी बाई पाहू. हे सगळं इतकं नीट जमत होतं की तिला वाटलं, झालं, सुटलो. आणि ऑटो चौकात वळण्याआधी, काही कारण नसताना, शेजारच्या बाईच्या खांद्यावरून तिने मागे वळून पाहिलं.

म्हातारी तिथेच उभी होती. रस्त्याच्या कडेला, डांबर संपून माती सुरू होते तिथे, उन्हं डोळ्यांवर येत होती म्हणून एक हात कपाळाशी धरून. तिला ऑटो दिसत नव्हता, दिसणं शक्यच नव्हतं. दुसऱ्याच बाजूला पाहत ती उभी होती, जिकडून ट्रक येत होते तिकडे. कुणी तिला तिथून जा म्हटलं नव्हतं आणि ये म्हटलं नव्हतं. कामिनीच्या पोटात काहीतरी झालं. ती दया नव्हती, माया नव्हती, रागही अजून गेला नव्हता, आत कुणीतरी मूठ घालून पीळ दिल्यासारखं झालं आणि ती ओरडली, "थांबव गा, थांबव."

ऑटोवाला कुरकुरला. शेजारच्या बाईचा पाय तुडवून ती उतरली, पिशवी आत राहिली, ती कुणीतरी मागून हातात कोंबली. तिचे गुडघे गेली काही वर्षं जिना चढताना बोलतात, डॉक्टरांनी धावायचं नाव काढू नका म्हटलं आहे, आणि ती धावत होती. भर कामठी रोडवर, चांगल्या घरची बाई, पदर खांद्यावरून सुटलेला, एक चप्पल पायात नीट बसत नाही, पानठेल्यावरची माणसं बोलणं थांबवून पाहताहेत. तिला वाटलं आपल्याला कुणीतरी खांद्यावर घेतलं आहे. मग वाटलं, नाही, हे आपलेच पाय आहेत. जवळ गेल्यावर तिला बोलता येईना, नुसता दम लागला होता. म्हातारीने पावलांचा आवाज ऐकून हात कपाळावरून काढला, डावा डोळा मिटला.

"काय राह्यलं वं?" तिने विचारलं.

"तू," कामिनी म्हणाली.

मागे ऑटोवाला हॉर्न वाजवत होता. म्हातारी काही वेळ जागची हलली नाही. मग तिने हात पुढे करून कामिनीचा दंड चाचपला, वरून खाली, बाहीच्या शिवणीपर्यंत, आणि शिवण बोटांनी धरून उभी राहिली.

"माह्यं डोळ्याचं औषध घरीच हाये," ती म्हणाली.

"मग चल," कामिनी म्हणाली, "घेऊन येऊ."